ताईला हवा मानवली

३ एप्रिल

चिंगे,

पोचले. ट्रंक, छत्री आणि मी, तिन्ही शाबूत. घाटात निम्म्या बसने खिडकीबाहेर माना काढल्या होत्या. मी मात्र आईने दिलेला डबा चाटूनपुसून रिकामा केला. शेजारच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांच्या पोटात ढवळतंय ते माझ्यामुळेच.

शेवटच्या वळणावर खाली तळं दिसलं आणि सगळी बस गप्प झाली. कंडक्टरसुद्धा. तो म्हणे रोज बघतो, तरी. चारी बाजूंनी डोंगर, मधे हिरवंकाळं पाणी, आणि पाण्यावर एकच होडी. मला एकदम तुझी आठवण आली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, हे कुणी पुसून ठेवलंय गं?"

आत्याचं घर आता घर राहिलेलं नाही, लॉज झालंय. काका गेल्यावर तिने खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली ती केलीच. तळ्याकडच्या खोल्यांची तिची एक युक्ती आहे. पाहुणा येईपर्यंत खिडकीचा जाड पडदा ओढून ठेवायचा. पाहुणा आत येतो, बॅग ठेवतो, गादी दाबून बघतो, मोरीत डोकावतो, आणि तोंड वाकडं करायच्या बेतात येतो. नेमका तेव्हा पडदा सर्रकन बाजूला करायचा! तळं समोर! मग गादीही मऊ होते आणि मोरीही गळायची थांबते. आजपासून पडदा ओढायचं काम माझ्याकडे आहे. आत्या म्हणाली, तुझ्या हाताला वेळ साधायची सवय आहे. छापखान्यात मुद्रितं तपासून ही सवय लागते हे मला माहीत नव्हतं.

आणि ऐक, खरी मजा पुढेच आहे. इथे सगळं गाव गुंडाळलेलं असतं. मफलर, कानटोप्या, हातमोजे. ओठाजवळचा डाग मफलरात गेला, हातावरचे मोज्यात गेले. बसस्टँडपासून आत्याच्या दारापर्यंत एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. आई त्याला 'डाग' म्हणते, आत्या 'ते' म्हणते, शेजारीण सरळ 'कोड' म्हणते, आणि डॉक्टर म्हणतात नुसता रंग गेलाय, त्याने कुणाला काही होत नाही. इथे कुणी काहीच म्हणत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची ती ही अशी.

महिनाभर मला थंड हवेत ठेवायची कल्पना बाबांची ना? बाबांना माझ्या कातडीची काळजी वाटली, हे ऐकून मी बसमध्ये खरंच गहिवरले. छापखान्याच्या मालकांना निरोप दे, महिन्याने ताई खुर्चीवर हजर. तोवर माझ्या चुका दुसऱ्या कुणी शोधू नयेत.

तुझी ताई

१५ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. आई हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, "तिला हवा मानवली हो." बाबा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मग घाई कशाला करायची?"

इथे उन्हाने नुसती काहिली होतेय. तू सुटलीस. त्यातून घराला रंग काढलाय. बाहेरून, आतून, सगळीकडे. रंगाच्या वासाने तुला खोकला होतो, म्हणून बाबा म्हणाले ती नाही तेवढ्यात उरकून घेऊ. बघ, किती विचार करतात. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरचा आपला दोघींचा फोटोसुद्धा उतरवून परत लावलाय. लहानपणचा तो, एकाच कापडाच्या फ्रॉकातला. त्यात तू किती सुंदर दिसतेस.

बाकी विशेष नाही. माझे डोळे तपासले. नंबर नाहीये. पण दुकान फार छान होतं, आरसेच आरसे.

आत्याला जरा हातभार लाव. ती एकटी आहे. आणि ऊन असलं तरी मफलर काढू नकोस, तिकडची थंडी अंगात शिरते म्हणतात.

तुझीच चिंगी

३० एप्रिल

चिंगाबाई,

डोळ्यांना नंबर नाही, तरी डोळे तपासायला गेलीस, आणि लक्षात राहिले ते आरसे. मला तुझ्याहून पाच पावसाळे जास्त झालेत गं.

पण आधी माझं ऐक. सीझन सुरू झाला. आत्याने मला तळ्याकडच्या खोलीतून उचलून मागे बंबाशेजारी ठेवलंय. तिथे ऊब असते हे खरं, आणि धूरही असतो. सकाळी सगळ्यांना गरम पाणी, मग चहा, मग चादरी, मग पडदे. मी पाहुणी म्हणून आले होते. आता दारावर पाहुणे आले की आत्या हाक मारते, "बाई, सामान घ्या!" पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, कुठल्या बाईला बोलावतेय म्हणून.

परवा दुपारी ऊन पडलं होतं. कप विसळायचे म्हणून मी मोजे काढले. एका पाहुण्यांची लहान मुलगी जवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझ्या हातावर नकाशा आहे." मला ते इतकं आवडलं! मी तिला त्यातला एक देश देऊन टाकला. तेवढ्यात तिची आई आली. तिने पोरीला ओढलं, तिचे हात साबणाने धुतले, आणि सगळे कप परत धुवायला लावले, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. आत्याने त्यांची माफी मागितली. माझी नाही, त्यांची. त्या दिवसापासून हुकूम सुटलाय, ऊन असो, घाम असो, मोजे घातल्याशिवाय पाहुण्यांसमोर यायचं नाही.

मला तळं आवडलं, हवा आवडली, पण पोट भरलं. पाच तारखेच्या बसने निघते.

आता तुझं. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराला ज्या माणसाने कधी कौल लावलं नाही, त्याने घराला आतून बाहेरून रंग काढला? कुणी बघायला येतंय का तुला? सरळ सांग की. मी काय खाणार आहे त्याला?

ताई

४ मे

ताई,

हे पत्र आत्याच्या ओळखीच्या बसवाल्याबरोबर पाठवतेय, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. उद्या निघू नकोस. हात जोडते.

हो, आलेत. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, ते स्वतःच डोळे तपासतात. स्वभावाने फार शांत. आईने मला दुकानात नेलं ते त्यांनी बघावं म्हणूनच. मी तुला लिहिणार होते, पण आई म्हणाली, आधी काही ठरू दे, उगाच नजर लागायला नको.

त्यांच्या आई घरी आल्या होत्या. बसता बसताच त्यांनी विचारलं, "घराण्यात अंगावरचं काही आहे का? राग मानू नका, विचारलेलं बरं." ताई, मी ट्रे घेऊन दारातच थांबले. तूच सांग, त्या क्षणी तू आतल्या खोलीतून बाहेर आली असतीस तर?

तू माझ्या वाईटावर नाहीस, मला माहीत आहे. म्हणूनच मागतेय. थोडे दिवस राहा तिथेच. ठरलं की मी स्वतः त्यांना तुझ्याबद्दल सांगेन. सगळं सांगेन. आधी त्यांना मी आवडू दे, मग माझी ताई आवडायला कितीसा वेळ लागणार?

छापखान्यात बाबा जाऊन आलेत. रजेचं बघितलंय.

तुझी चिंगी

१४ मे

चिंगे,

पाच तारखेला ट्रंक भरून स्टँडवर गेले होते. तुझं पत्र तिथेच मिळालं. ट्रंक परत उचलून चढ चढले. हमाल म्हणाला, "बाई, आला कशाला, गेला कशाला?" त्याला काय सांगणार, मी घराण्यातलं अंगावरचं काहीतरी आहे म्हणून?

राग आलाय. खूप आलाय. आधी तीन पानं लिहून फाडली. त्यात बाबांना काय काय म्हटलं होतं ते तुला कळलं नाही तेच बरं. लहानपणी तुला गोवर आला तेव्हा हीच आई मला म्हणाली होती, "तू जवळ बस, तुझ्याशिवाय ती औषध घेत नाही." तेव्हा माझे हात चालले.

असो. तुला तो आवडलाय, हे 'आरसेच आरसे'वरूनच कळलं होतं. तुझं मोडावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. राहते मी. मात्र एकच मागते, आणि ते मला हवंच. लग्नाला मी असणार. मागच्या रांगेत बसेन, मफलर, मोजे, कानटोपी, सगळं घालून. कुणी विचारलं तर म्हणेन, थंड हवेच्या गावाहून आले, अजून ऊब लागली नाही. तुझ्या नणंदा मला वेडी म्हणतील. म्हणू देत. वेडी बहीण चालते की नाही त्यांना, तेवढं आधी विचारून घे!

तारीख कळव. मला दुसरं काही नको.

ताई

६ जून

चिंगे,

तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. आईला टाकलं, उत्तर नाही. आत्याचा फोन कुलपात असतो, आणि किल्ली तिच्या कमरेला. विचारलं की म्हणते, "सगळे खुशाल आहेत, तू पडदे बघ."

आज छापखान्याच्या मालकांचं पत्र आलं. इतकी वर्षं इतक्या मन लावून काम केलेल्या माणसाचा राजीनामा स्वीकारताना त्यांना वाईट वाटतंय म्हणे. माझ्या खुर्चीवर त्यांनी कुणाला तरी बसवलंसुद्धा. राजीनामा बाबांनी नेऊन दिला. 'रजेचं बघितलंय' ते हे!

चिंगे, तारीख काय ठरली? एक ओळ लिही. एकच.

ताई

१७ जून

ताई,

कसं लिहू कळत नाही. लग्न झालं. नऊ तारखेला. ह्यांच्या आजोबांची तब्येत बिघडली, म्हणून सगळं घाईत उरकावं लागलं. मोजकीच माणसं होती. आई रडत होती, सगळ्यांना वाटलं माझ्यासाठी रडतेय. पण तुझ्यासाठीही रडत होती, मला माहीत आहे.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला जाते आणि भलतंच काहीतरी बोलून येते. ते इतके चांगले आहेत की खोटं सांगणारीला ते काय म्हणतील, हा विचारच करवत नाही.

आणि आता ऐक, रागावू नकोस. बाबांच्या तोंडाला कधी कुलूप असतं का? व्याह्यांपुढे मोठेपणा मिरवायला सांगून बसले, "माझ्या बहिणीचं तळ्याकाठी हॉटेल आहे, सगळ्या खिडक्या पाण्यावर." झालं. सासूबाई म्हणाल्या, मग पोरांना तिकडेच पाठवू, घरचंच माणूस आहे. ह्यांनी तिकिटंसुद्धा काढली. मी डोकं दुखतं म्हटलं, डोंगर लागतो म्हटलं, ते म्हणाले, "तळं बघितलं की सगळं थांबेल."

आत्याला मी कळवलंय. तुला चार दिवस दुसरीकडे पाठव म्हटलं, तर ती म्हणते, सीझनमध्ये हात कमी पडतात, ती इथेच राहील, कुणी काही बोलणार नाही. म्हणून तुलाच विनवते. आम्ही असू तेव्हा तू आत्याकडे काम करणारी बाई. बस, एवढंच. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. मी तुझ्याकडे बघितलं तर माझंच तोंड मला फितूर होईल.

तुझ्या पाया पडते.

चिंगी

२० जून

खोली तयार आहे. तळ्याकडची, कोपऱ्यातली, सगळ्यात चांगली. ये.

३ जुलै

चिंगे,

तुम्ही काल गेलात. आज तुमच्या चादरी धुतल्या आणि मग लिहायला बसले. तू इथे होतीस, सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तरी काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत. त्या सांगते.

पडदा मीच ओढला हे तू बघितलंस. तुझा नवरा "अरे वा!" म्हणून खिडकीशी गेला आणि तू भिंतीकडे बघत उभी राहिलीस. मी म्हटलं, "वहिनी, काही लागलं तर हाक मारा." तू मान हलवलीस. हातात नवा चुडा, अंगावर थोडं मांस चढलेलं. छान दिसत होतीस. हे तुला तेव्हा सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू झोपली होतीस. तो एकटाच व्हरांड्यात आला आणि चहा मागितला. कपात ओतताना माझा मफलर घसरला. मी सावरायला गेले तर तो म्हणाला, "असू द्या हो. आमच्या धाकट्या काकांना आहे असंच. दुकानात गल्ल्यावर तेच बसतात. कुणाला कुठली फ्रेम शोभेल ते गिऱ्हाइकं त्यांनाच विचारतात."

चिंगे, मी किटली खाली ठेवली.

मग तो आपणहूनच बोलत बसला. डोळे तपासणाऱ्यांना समोरच्याशी बोलत राहायची सवय असते वाटतं. म्हणाला, "लग्नाच्या बोलण्यात आई मुद्दाम आधी तोच प्रश्न विचारते. तुमच्याकडे काही आहे का, असं विचारलं की मग आमच्याकडे आहे हे सांगायला सोपं जातं. पण हिच्या घरच्यांनी इतकं ठणकावून 'छे छे, असलं काही नाही' म्हटलं की आईचा शब्द घशातच राहिला. काकांबद्दल नंतर सांगावं लागलं. आम्हालाच चोरट्यासारखं झालं."

तेव्हा तुझ्या सासूने आपल्यासाठी दार उघडलं होतं, आणि आपल्या आईने ते तिच्याच तोंडावर लावलं.

एवढ्यावर थांबला असता तर मी तुला आनंदाने लिहिलं असतं, वेडे, सुटलीस, जा आणि सांगून टाक. पण तो पुढे म्हणाला, "हिचं मन फार हळवं आहे. मोठी बहीण होती हिची. लहानपणीच तापाने गेली. घरात फोटो आहे दोघींचा. मी विषय काढला की ही उठून जाते."

मी त्याला विचारलं, "किती वर्षांची होती हो?" तो म्हणाला, "नऊ."

नऊ वर्षांची असताना मला पहिला डाग आला होता. हे कुणी ठरवलं? आईने की तू? वय निवडताना कुणाच्या तरी मनात ते होतंच ना?

आता होडीचं. तुला वाटत असेल, आत्याने मला थर्मास धरायला बसवलं हा योगायोग. योगायोग नाही. त्यानेच मागितलं. फुलं आणायलाही त्याने मलाच सांगितलं होतं, "हिला कळू देऊ नका, मधोमध गेल्यावर देईन." मी बाजारात जाऊन पांढरी फुलं निवडून आणली. तो म्हणाला होता, "लहान मुलीला शोभतील अशी आणा."

आणि मधोमध गेल्यावर त्याने ती टोपली तुझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "तुझ्या ताईला दे. इतकं सुंदर पाणी तिने कधी बघितलं नसेल." तू माझ्याकडे बघितलंस. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी हातभर अंतरावर होते. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलली तरी टोपली त्याला परत देईल. निदान म्हणेल, मला नाही जमत.

तू रडायला लागलीस. आणि एकेक फूल पाण्यात सोडलंस. सगळी सोडलीस, चिंगे. तो तुझ्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि मी थर्मासमधून तुला चहा ओतून दिला. तू घेतलास. "थँक्यू बाई" म्हणालीस.

तुझं रडणं खोटं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तू खरंच रडत होतीस.

आता तरी सांग त्याला. तो माणूस कोडाला घाबरणारा नाही. त्याच्या घरात ते गल्ल्यावर बसतं. मला परत बोलाव. मला माझं घर हवंय, माझी खुर्ची गेली ती गेली.

ताई

१२ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून जाळलं. माफ कर.

वय आईने सांगितलं. सासूबाईंचा प्रश्न आला, भिंतीवर फोटो होता, त्यांनी "ही दुसरी कोण?" म्हणून बोट दाखवलं, आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "ती नऊची असताना वारली." मी ट्रे घेऊन उभी होते. मी नाही म्हणाले नाही. सासूबाई उठल्या, आईला जवळ घेतलं, त्यांचे डोळे भरले. एकदा त्या रडल्यावर मग कुणी काय बोलणार?

काकांना मी लग्नातच पाहिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातावर तुझ्यासारखेच डाग होते. त्या क्षणी मला कळलं की तुला लपवायची काही गरजच नव्हती. पण तोवर तू गेली होतीस, ताई. तू गेलीस म्हणून त्या घराने आमच्यावर दया केली होती, माया केली होती.

तू म्हणतेस सांग. काय सांगू? कोड चाललं असतं गं. कोड आहे म्हणून कुणी मला बाहेर काढलं नसतं. पण जिवंत बहिणीला मारून दाखवणारी सून कोण ठेवेल? ज्या माणसाने तुझ्यासाठी फुलं आणली, त्याला मी सांगू का, की ज्या बाईंनी ती फुलं आणून दिली त्याच माझी ताई? तो मला मारणार नाही, शिव्या देणार नाही. तो फक्त माझ्याकडे बघेल. मला ते सोसणार नाही.

मला दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. आता तर मुळीच शक्य नाही.

तू राहा तिथेच. बाबा म्हणतात तुला हवाही मानवते, आत्यालाही आधार आहे. मी आठवण काढत नाही असा एक दिवस जात नाही. यापुढे पत्र घरी पाठवू नकोस, आलेली पत्रं आमचे हेच उघडतात. मीच लिहीत जाईन.

चिंगी

९ ऑक्टोबर

आत्यांकडच्या बाईंस,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून असं लिहितोय. क्षमा करा.

आम्ही जुलैच्या सुमारास तिकडे आलो होतो, तळ्याकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत होतो. तुम्ही फुलं निवडून आणली होतीत. तुमचे उपकार मी विसरलो नाही. माझ्या बायकोला दिवस गेले आहेत, पण तिची तब्येत ठीक नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. तिच्या आईंना जिने चढवत नाहीत, त्या येऊन-जाऊन असतात. ती दिवसभर छताकडे बघत पडते, जेवत नाही, मधेच दचकते. तुमची आठवण काढली की मात्र गप्प होऊन ऐकते. मला वाटतं, त्या दिवशी होडीत तुम्ही होतात, म्हणून तुमच्याबद्दल तिच्या मनात काहीतरी जुळलंय.

तिला बहीण नाही हे तुम्हाला माहीतच आहे. बाळंतपणापर्यंत आणि पुढेही तुम्ही आमच्याकडे येऊन राहाल का? आत्यांशी मी बोलतो. घरातल्या माणसासारखं राहा. कुणी तुम्हाला परकं वाटू देणार नाही. आमचे काकाही आहेत, त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "ये म्हणावं, मोजेबिजे काही लागत नाहीत इथे."

तिला अजून विचारलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात की सांगेन. तिला फार आनंद होईल.

आपला,
चष्मेवाला

१४ ऑक्टोबर

चिंगे,

हे पत्र तुझा नवरा दुकानात गेल्यावर मिळेल अशा बेताने पाठवतेय. त्याने तुला अजून सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. त्याने मला तुमच्या घरी राहायला बोलावलंय. तुझी सेवा करायला, आणि पुढे बाळाची. मी हो कळवलं.

आत्या चिडली आहे. म्हणते, "त्या पोरीच्या संसारात कशाला विष कालवतेस?" मी म्हटलं, मी कुठे कालवतेय, मला आमंत्रण आहे. आजवर मला कुणी इतक्या मानाने बोलावलं नव्हतं.

घाबरू नकोस. पोटातल्या जिवाला जप. मी त्याला एक अक्षर सांगणार नाही. तू मारलंस, मी मेले, त्यात आता बदल नाही. सकाळी त्याच्यासमोर तुला "वहिनी, औषध घ्या" म्हणेन. गोवर आला तेव्हा माझ्या हातून घ्यायचीस, तशी घेशीलच. काकांना चहा देईन, त्यांच्याशी पोटभर गप्पा मारेन. भिंतीवर फोटो लावलास तर रोज पुसेन. आई तुला बघायला येईल तेव्हा दार मीच उघडेन आणि विचारेन, "कोण हवंय आपल्याला?" तिने काय उत्तर द्यायचं ते तुम्ही दोघी आधी ठरवून ठेवा.

बाळ बोलायला लागलं की मला काय हाक मारेल, तेही तूच शिकव.

मी आता कुठे जाणार नाही, चिंगे. मला दुसरं घर नाही, हे तूच केलंस. एकाच छपराखाली राहू, एकीने बोलायचं नाही आणि दुसरीने ऐकायचं नाही. बघू, आपल्यात आधी कोण थकतं.

शुक्रवारी पोचते. स्टँडवर तो घ्यायला येणार आहे.

बाई